आशियातील हवाई अंतर आणि उड्डाणकाळ: दिल्ली–टोकियो मार्गाच्या निमित्ताने एक आढावा

दिल्लीहून टोकियो किती दूर आहे आणि तेथे पोहोचायला विमानाला किती वेळ लागतो, हा प्रश्न वरवर पाहता शालेय भूगोलाच्या पुस्तकात बसणारा वाटतो. त्याची रूढ उत्तरेही तशीच सुटसुटीत असतात: अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर आणि वेळ साडेसात ते आठ तास. यांपैकी पहिले उत्तर बरोबर असले, तरी कोणतेही प्रवासी विमान ते अंतर प्रत्यक्षात कापत नाही. आणि दुसरे उत्तर फक्त जातानाच्या प्रवासाला लागू पडते, कारण त्याच दोन शहरांमध्ये त्याच जातीच्या विमानाने परत येताना नऊ तासांहून अधिक, पुष्कळदा साडेनऊ तासांच्या आसपास वेळ लागतो. अंतर ही भूमितीतील राशी आहे, पण उड्डाणकाळ हा वारा, पर्वत, राज्यांच्या सीमा आणि विमानतळावरील गर्दी यांच्या एकत्रित परिणामातून ठरतो. आशियात तर हे चारही घटक इतर खंडांपेक्षा अधिक तीव्रतेने काम करतात. दिल्ली–टोकियो हा मार्ग येथे मुख्य उदाहरण म्हणून घेतला आहे तो याच कारणाने.

प्रथम अंतराचा विचार करू जाता, पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्वृत्ताचा भाग असतो. बृहद्वृत्त म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते असे वर्तुळ; विषुववृत्त हे त्याचे परिचित उदाहरण. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश माहीत असले, की गोलीय त्रिकोणमितीच्या एका सूत्राने हे अंतर निघते. दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ आणि टोकियोजवळचा नारिता विमानतळ यांच्यासाठी ते सुमारे ५,९१० किलोमीटर भरते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने (तिची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर आहे) या आकड्यात थोडी दुरुस्ती करावी लागते, पण ती अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. याहून मोठा फरक पडतो तो शहराचा कोणता बिंदू धरला यावरून. टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत: शहराला लागून असलेला जुना हानेदा आणि १९७८ साली सुरू झालेला, पूर्वेकडे बराच दूर असलेला नारिता. दिल्लीहून हानेदाचे अंतर ५,८६० किलोमीटर, म्हणजे नारितापेक्षा ५० किलोमीटरने कमी भरते. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाल्यापासून मुंबईच्या बाबतीतही, आणि दाभोळी व मोपा असे दोन विमानतळ असलेल्या गोव्याच्या बाबतीत त्याआधीपासूनच, ‘शहरापासूनचे अंतर’ हा शब्दप्रयोग सैल झाला आहे.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर दिल्ली आणि टोकियो यांना पट्टीने जोडले, तर जी रेषा मिळते ती बृहद्वृत्ताची नसते. नेहमीच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावरील सरळ रेषा म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता केलेला प्रवास, आणि या दोन शहरांमध्ये तो सुमारे ६,००० किलोमीटरचा होतो. बृहद्वृत्ताचा मार्ग मात्र दिल्लीहून ईशान्येकडे झेप घेतो, हिमालय ओलांडून तिबेट व छिंगहाय प्रांतांवरून जातो, चीनच्या शांतुंग द्वीपकल्पावर यंताय शहराच्या जवळपास ३७ अंशांच्या थोडे पुढचे अक्षांश गाठतो आणि मग सोलच्या किंचित दक्षिणेकडून, जपानच्या समुद्रावरून टोकियोकडे उतरतो. दोन्ही मार्गांतला ९० किलोमीटरचा फरक फार मोठा नाही. तो मोठा होतो तो शहरे अधिक उत्तरेकडे आणि एकमेकांपासून अधिक लांब असली म्हणजे.

दोन शहरांमधले असे ‘हवेतले’ अंतर मोजण्याची गरज विमानांच्या फार आधीची आहे. सूर्यसिद्धान्तादी भारतीय ज्योतिषग्रंथांनी लंका–उज्जयिनी–कुरुक्षेत्र या मध्यरेषेपासून पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या स्थानासाठी ‘देशान्तर’ संस्कार सांगितला, आणि त्यासाठी ते स्थान मध्यरेषेपासून किती योजने दूर आहे हे माहीत असणे आवश्यक होते. अल्-बिरूनीने तर इसवी सन १०२५ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या एका ग्रंथाचा बराच भाग बगदाद आणि गझनी या दोन आशियाई शहरांमधील रेखांशाचा फरक ठरवण्यासाठी खर्ची घातला. त्याची पद्धत लक्षणीय आहे: वाटेतील शहरांची साखळी घ्यायची, त्यांचे अक्षांश वेधाने ठरवायचे, काफिल्यांनी सांगितलेले रस्त्याचे अंतर घ्यायचे आणि त्यातून रस्त्याच्या वळणांपोटी काही भाग वजा करून सरळ अंतर काढायचे. आजचा उड्डाणनियोजक याच्या नेमके उलट करतो. त्याला सरळ अंतर आयते मिळते, आणि त्यात वळणे मिळवावी लागतात.

दिल्ली–टोकियो मार्गावरचे पहिले आणि सर्वांत मोठे वळण तिबेटचे पठार घडवते. या पठाराची सरासरी उंची सुमारे साडेचार हजार मीटर असल्याने, ११ हजार मीटरवरून उडणाऱ्या विमानाला तेथे अडथळा असण्याचे कारण सामान्य माणसाला दिसत नाही. एव्हरेस्टची ८,८४९ मीटर उंचीही त्याच्या खालीच राहते. पण उड्डाणाची आखणी सारे सुरळीत चालेल असे धरून केली जात नाही, काही बिघडले तर काय या प्रश्नापासून ती सुरू होते. विमानाच्या आत हवेचा दाब कृत्रिमरीत्या टिकवलेला असतो, आणि तो अचानक गेला तर वैमानिकाला शक्य तितक्या लवकर १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण त्या उंचीवर प्रवासी मुखवट्याशिवाय श्वास घेऊ शकतात. डोक्यावरच्या फळीतून सुटणाऱ्या मुखवट्यांना रासायनिक क्रियेने तयार होणारा प्राणवायू मिळतो आणि तो साधारण १२ ते २० मिनिटे पुरतो. जेथे जमीनच साडेचार हजार मीटरवर आहे आणि शिखरे त्याहून बरीच वर आहेत, तेथे ३,००० मीटरपर्यंत उतरता येत नाही, आणि पठाराची रुंदी एवढ्या मिनिटांत ओलांडता येत नाही. एक इंजिन बंद पडल्यासही विमान आपली उंची टिकवू शकत नाही, ते हळूहळू खाली येत जाते. या उतरणीतही डोंगरांपासून पुरेसे अंतर राहील अशी वाट आधीच आखावी लागते. त्यात पठारावर संकटकाळी उतरण्यासारखे विमानतळ थोडे, आणि जे आहेत ते स्वतःच फार उंचावर: ल्हासाचा कुंकर विमानतळ सुमारे ३,५७० मीटरवर आहे. चिनी कंपन्यांची ल्हासाला जाणारी विमाने यासाठी जादा प्राणवायूच्या साठ्यासह सज्ज केलेली असतात, आणि पश्चिम चीनमधून पठाराच्या कडेने जाणाऱ्या एल८८८ या हवाई मार्गाच्या वापरालाही अशाच विशेष सज्जतेची व परवानगीची अट आहे.

म्हणून दिल्लीहून टोकियोला निघालेले विमान साधारणपणे पूर्वेकडे गंगेच्या मैदानावरून बंगालकडे जाते, म्यानमारचा उत्तर भाग ओलांडून युन्नानमध्ये शिरते, कुनमिंगच्या परिसरातून दक्षिण चीनवर येते आणि पुढे पूर्व चीन समुद्रावरून जपान गाठते. दिल्ली–कुनमिंग–शांघाय–नारिता असे तुकडे करून मोजल्यास बेरीज सुमारे ६,३५० किलोमीटर होते. म्हणजे बृहद्वृत्तापेक्षा ४४० किलोमीटर, साधारण साडेसात टक्के जास्त. या वाटेतला भारत–युन्नान हा तुकडा विमानवाहतुकीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर, १९४२ ते १९४५ या काळात आसामातील तळांवरून कुनमिंगला ज्या मालवाहू फेऱ्या झाल्या आणि ज्यांना वैमानिकांनी ‘हम्प’ म्हणजे वशिंड असे नाव दिले, त्यांनी साडेसहा लाख टनांच्या आसपास सामान चीनला पोहोचवले आणि त्यासाठी शेकडो विमाने गमावली. आजच्या प्रवाशाला त्या डोंगररांगांवरून जाताना जेवणाच्या ताटापलीकडे काही जाणवत नाही, ही प्रगती उंच उडण्याच्या आणि दाब टिकवण्याच्या तंत्राची आहे; डोंगर तेथेच आहेत आणि तिबेटच्या बाजूने ते अजूनही वाट अडवून आहेत.

पर्वतानंतरचा दुसरा अडथळा नकाशावर दिसतो पण आकाशात दिसत नाही. १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील हवाई अवकाशावर पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व मान्य केले, आणि त्यामुळे परदेशी विमानाला दुसऱ्या देशावरून नुसते उडून जाण्यासाठीही संमती लागते. या संमतीला हवाई वाहतुकीच्या परिभाषेत ‘पहिले स्वातंत्र्य’ म्हणतात. ती बहुपक्षीय पातळीवर देणारा वेगळा करार त्याच वर्षी झाला. भारत त्यात आहे, चीन आणि इंडोनेशिया नाहीत. त्यांच्याशी प्रत्येक देशाला स्वतंत्रपणे बोलणी करावी लागतात. चीनच्या आकाशाचा मोठा हिस्सा लष्कराच्या ताब्यात असल्याने नागरी विमानांना ठरवून दिलेल्या अरुंद मार्गांनीच जावे लागते, ही त्यातली आणखी एक अडचण. टोकियोकडे जाणाऱ्या विमानांच्या वाटेवर, चीन आणि जपान यांच्यामधल्या समुद्रावर, या राजकारणाचा एक विलक्षण नमुना जवळजवळ चार दशके टिकून होता. शांघाय आणि फुकुओका यांना जोडणारा पट्टा दक्षिण कोरियाच्या नियंत्रणक्षेत्रातून जातो. पण तो १९८३ साली सुरू झाला तेव्हा चीन आणि दक्षिण कोरिया यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते, ते १९९२ मध्ये आले. म्हणून कोरियाच्या क्षेत्रातून जाणाऱ्या विमानांशी एका बाजूने शांघायचे आणि दुसऱ्या बाजूने फुकुओकाचे नियंत्रक बोलत, आणि ज्याचे आकाश त्या देशाचे नियंत्रक गप्प असत. संबंध प्रस्थापित झाल्यानंतरही ही व्यवस्था बदलायला २०२१ साल उजाडावे लागले.

राजकारणामुळे अंतर किती वाढू शकते याचे आशियातील सर्वांत ठळक उदाहरण तैपेई आणि शांघाय यांचे आहे. ही दोन शहरे जवळपास एकाच रेखांशावर, एकमेकांपासून अवघ्या ६८० किलोमीटरवर आहेत. १९४९ नंतर त्यांच्यात थेट वाहतूक बंद झाली आणि प्रवाशांना हाँगकाँग किंवा मकाव येथे विमान बदलावे लागे. हाँगकाँगमार्गे हे अंतर सुमारे २,०६० किलोमीटर, म्हणजे तिप्पट होते. २००३ च्या चांद्र नववर्षापासून काही खास विमानांना परवानगी मिळाली, पण त्यांनाही वाटेत हाँगकाँग वा मकावला टेकून जाणे भाग होते. २००५ मध्ये टेकण्याची अट गेली, तरी हाँगकाँगच्या आकाशातून वळसा घालण्याची राहिली. १५ डिसेंबर २००८ रोजी सामुद्रधुनीवरून थेट उत्तरेकडे जाणारा मार्ग खुला झाला तेव्हा हवेतला वेळ सुमारे ८० मिनिटांवर आला. साठ वर्षांत शहरे एक इंचही हलली नव्हती.

याहून सूक्ष्म प्रकार पश्चिम आशियात दिसतो, कारण तेथे अंतर शहरांवर अवलंबून असण्याऐवजी विमानाच्या शेपटीवरील चिन्हावर अवलंबून राहिले. दिल्ली ते तेल अवीव आणि मुंबई ते तेल अवीव ही दोन्ही सरळ अंतरे, योगायोगाने, जवळपास तंतोतंत सारखी, ४,०५० किलोमीटरच्या आसपास आहेत. मुंबईचा मार्ग महाराष्ट्राला विशेष परिचयाचा आहे, कारण कोकणातून इस्रायलला गेलेल्या आणि अश्दोद, दिमोना यांसारख्या गावांत स्थायिक झालेल्या मराठी भाषक बेने इस्रायली कुटुंबांचा माहेरचा रस्ता तोच. या मार्गावर उडणाऱ्या इस्रायली विमानांना सौदी अरेबियाचे आकाश बंद असल्याने ती तांबड्या समुद्रावरून दक्षिणेकडे उतरत आणि अरबी द्वीपकल्पाला संपूर्ण वळसा घालत. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान सौदी आकाशातून तेल अवीवला पोहोचले आणि या वाटेने दोनएक तास वाचतात हे सिद्ध झाले. सौदी अरेबियाने सर्व कंपन्यांना आकाश खुले केले ते त्यानंतर चार वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, आणि ओमानने फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधल्या काळात भारत–इस्रायल अंतर एका कंपनीसाठी एक आणि दुसरीसाठी दुसरे होते. दिल्ली–ताश्कंद मार्गावर एप्रिल २०२५ पासून पुन्हा तेच घडले. पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केल्यावर, सरळ रेषेत १,६०० किलोमीटरहून कमी असलेल्या ताश्कंदला पोहोचण्याचा वळसा एवढा वाढला, की इंडिगोने आपल्या एका मार्गिकेच्या लहान विमानांच्या पल्ल्याबाहेर गेल्याचे कारण देऊन ताश्कंद आणि अल्माती या दोन्ही शहरांची सेवा स्थगित केली; उझबेक विमानांना मात्र जुनी वाट मोकळीच राहिली.

पर्वत आणि सीमा यांच्यामुळे वाट लांबते, पण ती जाताना आणि येताना सारखीच लांबते. दिल्ली–टोकियो प्रवासात जो दीड-दोन तासांचा फरक दिसतो तो यांपैकी कशानेही स्पष्ट होत नाही. त्याचे कारण वारा आहे. विमानाचा वेग दोन प्रकारे सांगता येतो: भोवतालच्या हवेच्या सापेक्ष आणि जमिनीच्या सापेक्ष. इंजिने आणि पंख यांचा संबंध फक्त पहिल्या वेगाशी असतो. ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट, म्हणजे ११ किलोमीटर उंचीवरील थंड हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर, हा आजच्या लांब पल्ल्याच्या विमानांचा नेहमीचा वेग आहे. पण ती हवाच जर पूर्वेकडे ताशी १५० किलोमीटरने सरकत असेल, तर पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाखालून जमीन ताशी १,०५० किलोमीटरने मागे जाते आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याखालून केवळ ७५० ने.

मध्य अक्षांशांवर, ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या अरुंद आणि वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातील फरक हे त्यांचे मूळ. पृथ्वीच्या परिवलनामुळे त्यांना पूर्वेची दिशा मिळते. पृथ्वीवर हे वारे हिवाळ्यात सर्वांत प्रबळ होतात ते नेमके जपानवर, कारण हिमालयाच्या दक्षिणेकडून येणारा उपोष्ण जेट प्रवाह आणि सायबेरियाच्या थंडीच्या काठाने येणारा उत्तरेकडचा प्रवाह हे पूर्व आशियाच्या किनाऱ्यापाशी एकमेकांच्या निकट येतात. तेथे हिवाळ्यातला सरासरी वेगच ताशी २०० किलोमीटरच्या पुढे असतो आणि काही दिवशी तो ३०० ओलांडतो.

या वाऱ्यांचा शोध जपानमध्येच लागावा हे त्यामुळे स्वाभाविक होते. तो जगाला कळू नये हे मात्र स्वाभाविक नव्हते. टोकियोच्या ईशान्येला तातेनो येथील हवाई वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात हायड्रोजनचे फुगे सोडून, दुर्बिणीने त्यांचा माग काढत, उंचावरच्या वाऱ्यांची पद्धतशीर नोंद केली. २ डिसेंबर १९२४ रोजी त्यांनी सुमारे ९ किलोमीटर उंचीवर सेकंदाला ७२ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २६० किलोमीटर वेग मोजला. परदेशी शास्त्रज्ञांनी आपले काम वाचावे अशी त्यांची इच्छा होती, आणि ते एस्परांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते. म्हणून त्यांनी १९२६ सालचा आपला अहवाल त्या भाषेत छापला. परिणाम असा झाला, की बाहेरच्या जगात तो जवळजवळ कोणी वाचलाच नाही. सद्हेतूने केलेल्या या निवडीची किंमत पुढे मोठी ठरली. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी मारियाना बेटांवरून टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना उंचावर एवढा प्रचंड वारा भेटला, की त्यांचे बाँब लक्ष्यापासून दूर पडले; त्याच महिन्यात जपानने त्याच वाऱ्याच्या भरवशावर पॅसिफिक ओलांडून अमेरिकेकडे बाँब टांगलेले कागदी फुगे सोडायला सुरुवात केली. सुमारे ९,३०० फुगे सोडले गेले, त्यांपैकी थोडेच पोहोचले, आणि ५ मे १९४५ रोजी ऑरेगॉन राज्यात त्यांपैकी एकाच्या स्फोटात सहा जण मेले.

प्रवासी वाहतुकीने या वाऱ्याचा उपयोग करून घेतला तो युद्धानंतर. १८ नोव्हेंबर १९५२ रोजी पॅन अमेरिकन कंपनीचे एक विमान टोकियोहून २५,००० फुटांवरून होनोलुलूला गेले, आणि जिथे १८ तास लागत तिथे ते साडेअकरा तासांत पोहोचले. तेव्हापासून पूर्वेकडे जाताना जेट प्रवाह शोधायचा आणि पश्चिमेकडे येताना तो टाळायचा, हा उड्डाणनियोजनाचा पाया झाला. एकाच दिवशी एकाच दोन शहरांमधली जाणारी आणि येणारी विमाने शेकडो किलोमीटर वेगळ्या वाटांनी उडतात ती यामुळे. समुद्रावर हे सोपे असते. चीनच्या आकाशात, जेथे वाटा ठरलेल्या आहेत, तेथे टोकियोहून दिल्लीला येणाऱ्या विमानाला वारा टाळायला फारशी जागा उरत नाही.

जाताना जे मिळाले ते येताना गेले, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला, असे वाटण्याचा संभव आहे. गणित तसे म्हणत नाही. ६,००० किलोमीटरचा प्रवास ताशी ९०० किलोमीटर वेगाने, वारा नसताना, दोन्ही बाजूंनी मिळून १३ तास २० मिनिटांचा होईल. ताशी १५० किलोमीटरचा वारा सतत वाहत असेल, तर जाताना ५ तास ४३ मिनिटे आणि येताना ८ तास, एकूण १३ तास ४३ मिनिटे लागतील. विमान प्रतिकूल वाऱ्यात अधिक वेळ राहते आणि अनुकूल वाऱ्यातून लवकर सुटते, त्यामुळे वारा कोणत्याही दिशेचा असो, परतीसह प्रवास नेहमी लांबतोच.

ऋतूनुसार हा फरक बदलतो, आणि येथे भारतीय उपखंडाची गोष्ट वेगळी आहे. हिवाळ्यात उपोष्ण जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावरच असतो. जूनच्या सुमारास तो तिबेटच्या उत्तरेला सरकतो, आणि हे स्थलांतर मोसमी पावसाच्या आगमनाशी निगडित असल्याचे हवामानशास्त्रात दीर्घकाळ मानले गेले आहे. त्याच सुमारास दक्षिण भारतावर, आणखी उंचीवर, उलट दिशेने म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह उभा राहतो, ज्याचे सविस्तर वर्णन पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात केले. मुंबई–दुबई या सुमारे १,९३० किलोमीटरच्या मार्गावर याचा परिणाम सरळ दिसतो. वेळापत्रकात मुंबईहून दुबईला सव्वातीन तासांच्या आसपास आणि परतीला पावणेतीन ते तीन तास दाखवलेले असतात. हा फरक हिवाळ्यातील पश्चिमी वाऱ्यांचा आहे; ऐन पावसाळ्यात त्या वाऱ्यांचा जोर उरत नाही, आणि दोन्ही दिशांचे प्रत्यक्ष उड्डाण एकमेकांच्या बरेच जवळ येते.

वेळापत्रकातला आकडा हा उड्डाणाचा वेळ नसतोच, हेही येथे नोंदवले पाहिजे. तो ‘ब्लॉक टाइम’ असतो: विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर पुन्हा लावीपर्यंतचा काळ. त्यात धावपट्टीपर्यंतची सरपटण, रांग, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या आणि उशीर दिसू नये म्हणून कंपनीने घातलेली थोडी भर, हे सर्व येते. लांब मार्गावर ही भर झाकली जाते, आखूड मार्गावर तीच प्रवासाचा मोठा हिस्सा होते. जगातील सर्वाधिक प्रवाशांच्या मार्गांपैकी एक असलेल्या सोल–जेजू मार्गाचे अंतर अवघे ४५० किलोमीटर आहे, पण वेळापत्रकात त्याला एक तास दहा मिनिटांच्या आसपास वेळ दिलेला असतो. त्या मार्गाचा वेग काढायचा तर तो ताशी ४०० किलोमीटरही भरत नाही.

विमानांचा स्वतःचा वेग हा या चर्चेतील सर्वांत कमी बदललेला घटक आहे. एअर इंडिया इंटरनॅशनलने १९५० च्या दशकाच्या मध्यात पंख्याच्या विमानांनी, बँकॉक आणि हाँगकाँगमार्गे, टोकियोची सेवा सुरू केली. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि वेग एकदम जवळपास दुपटीच्या दिशेने गेला. त्यानंतर तो तेथेच थांबला. पुढची उडी आशियात एकदाच घेतली गेली: कॉन्कॉर्ड हे स्वनातीत विमान डिसेंबर १९७७ मध्ये लंडनहून निघून बहारीन आणि सिंगापूर यांच्यामधले ६,३०० किलोमीटरहून अधिक अंतर कापू लागले. पण भारताने आपल्या भूमीवरून स्वनातीत वेगाने उडण्यास परवानगी दिली नाही, मलेशियाने आवाजाची तक्रार केली, तीन फेऱ्यांनंतर सेवा बंद पडली, १९७९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९८० मध्ये कायमची संपली. इंधन महाग असल्यास विमाने थोडी हळूही चालवली जातात, कारण वाचलेल्या मिनिटांपेक्षा वाचलेले तेल अधिक किमतीचे असते.

हे सारे ध्यानात घेतले असता, दोन शहरांची नावे देताच अंतर आणि उड्डाणकाळ सांगणाऱ्या संगणकीय गणकयंत्रांचे मूल्यमापन सोपे होते. त्यांचे अंतर विश्वसनीय असते, कारण ते भूमितीचे आहे. त्यांचा उड्डाणकाळ मात्र बहुधा त्या अंतराला एका ठरीव वेगाने भागून आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवून काढलेला असतो. त्याला वारा नाही, तिबेट नाही, बंद सीमा नाही, आणि म्हणून जाताना-येताना तो एकच असतो. दिल्ली–टोकियोसाठी तो दोन्ही बाजूंनी चुकतो. अशा कोष्टकात दोन दिशांचे दोन काळ स्वतंत्रपणे आणि शक्य तर हिवाळा-पावसाळा असे वेगळे दिले जावेत, आणि मार्ग बंद असल्यास कोणत्या देशाच्या विमानांसाठी तो बंद आहे हेही नमूद व्हावे. तोवर प्रवाशाने प्रत्यक्ष वेळापत्रक पाहणेच श्रेयस्कर. ते पाहताना एवढे लक्षात ठेवावे, की त्यातील दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात आणि जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. दिल्लीहून रात्री आठला निघून नारिताला सकाळी साडेसातला पोहोचणारे विमान साडेअकरा तास नव्हे, आठ तास प्रवास करते.